आम्लाचा हिशेब: पीएच आणि उदासिनीकरण

रेणापूरच्या परिसरांतील काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे आढळतात. त्यांवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडतांच फेस येतो व आम्लाचा जोर ओसरतो. हा जोर मोजावा कसा, आणि तो घालविण्यास अल्क किती लागेल, हें आम्ही येथें सांगणार आहों. कारण आम्लाच्या बाबतींत अंदाजावर विसंबणें घातक होय.

'पीएच' हें माप कोपनहेगन येथील रसायनज्ञ सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं सुचविलें. २५ अंश सेल्सिअस उष्णतामानास शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. त्याहून कमी तें आम्लधर्मी, अधिक तें अल्कधर्मी. पीएच एकानें उतरला कीं आम्लता दसपट वाढली असें समजावें. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र असल्यानें पाण्यांत त्याचें पूर्ण विघटन होतें. म्हणून एका लिटरांत तें ०.१ मोल असल्यास पीएच १, व ०.०१ मोल असल्यास २ येतो. (मोल हें कणांची संख्या मोजण्याचें एकक होय.)

आतां पीएच १ असलेलें हें द्रावण १०० मिलिलिटर घेऊं. त्यांत ०.०१ मोल आम्ल आहे. कॉस्टिक सोड्याचा एक मोल ४० ग्रॅम भरतो, अर्थात् ०.४ ग्रॅम सोडा पुरे होतो, आणि मीठ व पाणी उरतें. याउलट नुसतें शुद्ध पाणी ओतून पीएच ६ करूं म्हटल्यास सुमारें १०,००० लिटर पाणी लागेल! पाण्यानें आम्ल सौम्य होतें, नाहींसें होत नाहीं.

परंतु सोडाही तोलूनच घालावा. द्रावणाचें आकारमान तेवढेंच राहिलें असें धरल्यास, ०.२ ग्रॅम सोड्यानें निम्में आम्ल संपूनही पीएच केवळ १.३ होतो, ०.३९ ग्रॅमनें २.६, आणि ०.४१ ग्रॅम होतांच तो एकदम ११.४ वर जातो! म्हणूनच प्रयोगाच्या अखेरीस ब्युरेटमधून अल्क थेंबाथेंबानें सोडावयाचें असतें. सल्फ्यूरिक आम्लाच्या एका मोलास मात्र सोडा दुप्पट, म्हणजे दोन मोल लागतो.

मेजावर सांडलेल्या सौम्य आम्लावर कॉस्टिक सोडा कदापि टाकूं नये. तो अधिक झाल्यास स्वतःच भाजतो. तेथें खाण्याचा सोडा वापरावा; तो थोडा अधिक पडला तरी पीएच साडेआठाच्या पलीकडे फारसा जात नाहीं. अंगावर आम्ल उडाल्यास मात्र हिशेब करीत न बसतां भरपूर वाहत्या पाण्यानें तें तत्काळ धुवावें. कारण तेथें आम्ल मारावयाचें नसून अंगावरून दूर करावयाचें असतें. कोठें तोलावें आणि कोठें त्वरा करावी, हें ओळखणें हाही रसायनशास्त्राच्या अभ्यासाचाच भाग होय.