वसईच्या मोहिमेतील अंजूरकर नाईक

वसईचा किल्ला म्हटला की चिमाजी अप्पांचे नाव ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु या मोहिमेचे बीज पुण्याच्या दरबारात रुजण्यापूर्वी भिवंडीजवळच्या अंजूर गावी पडले होते, हे श्रोत्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजराथच्या बहादूरशहाने वसई, साष्टी व मुंबई यांसह हा मुलूख तहान्वये पोर्तुगीजांस दिला. पुढील दोनशे वर्षांत किल्ल्यात देवळे आणि सरदारांचे वाडे उभे राहिले. बाहेरच्या हिंदू रयतेस मात्र आपले धर्मविधी उघडपणे करणे दुरापास्त झाले. गोव्यास १५६० त स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा हात येथवर पोहोचला होता. हे शल्य उरी बाळगून अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी पेशव्यांकडे दाद मागितली. साष्टीच्या बखरीत त्यांच्या खटपटीची हकीकत आली आहे.

नाईकांजवळ मोठी फौज नव्हती. होती ती मुलखाची जाण आणि माणसांचा विश्वास. खाडीचा प्रदेश घाटावरच्या स्वाराला परका. भरती केव्हा चढते, चिखलातून उतार कोठे मिळतो, हे तेथे जन्मलेल्यासच कळायचे! १७३७ त मराठे ठाण्यावर चालून गेले तेव्हा तेथील किल्ल्याचे बांधकामही पुरे झाले नव्हते. ठाणे पडले, साष्टी हाती आली.

वसईने मात्र दाद दिली नाही. तिच्या तीन बाजूंस पाणी, चौथीकडे वाळू. अखेर १७३९ त तटाखाली सुरुंग पेरून सेंट सेबास्तियनचा बुरूज उडविण्यात आला. उभय पक्षांची भयंकर हानी झाली. १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. तहाने शिबंदीस शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक मिळाली. दोनशे वर्षे जी मोकळीक हिंदूंस नव्हती, ती जेत्यांनी इतरांस दिली. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तेथेच नांदतो आहे.

नाईकांची साष्टी मात्र टिकली नाही. १७७४ च्या डिसेंबरात ठाणे घेऊन इंग्रजांनी ती बळकावली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली तरी साष्टी त्यांच्याकडेच राहिली. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, ती याच वसईस.