हिंजवडीच्या साहेबाची बॅग आणि आमच्या कारागिराचे माप

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील एक साधे गाव होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क तेथे सुरू झाले. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशा कंपन्या आल्या आणि गावाचे नाव जगभर झाले. लोक तेथील काचेच्या इमारती पाहतात. आम्ही पडलो कापडवाले. आमची नजर माणसाच्या हातातील बॅगेवर जाते. पहाटे हिंजवडीहून लोहगाव विमानतळाकडे निघालेल्या साहेब मंडळींजवळ चाकांची एक छोटी बॅग असते. दोन दिवस दिल्ली किंवा बंगळूर, आणि परत. ही बॅग विमानात डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची असते. ती मनासारखी मिळाली तर हा ग्राहक दहा-पंधरा हजार रुपयेही मोजतो. प्रश्न असा आहे की यातला किती पैसा आमच्या कारागिराच्या घरी पोहोचतो?

बॅगांच्या धंद्यात महाराष्ट्र जुना आहे. व्हीआयपीच्या सूटकेस १९७१ पासून बाजारात आहेत; नाशिक भागात तिचे कारखाने उभे राहिले आणि २००४ साली तिने कार्लटन हे ब्रिटिश नाव विकत घेतले. १९१० साली अमेरिकेत डेन्व्हर येथे सुरू झालेल्या सॅमसोनाईटचा कारखाना नाशिक जिल्ह्यात गोंदे येथे आहे. पण साच्यातून निघणारी कडक बॅग वेगळी आणि शिलाईची बॅग वेगळी. शिलाईचे हात मुंबईत मदनपुरा आणि धारावीत आहेत, आणि त्यात आमचे समाजबांधव मोठ्या संख्येने आहेत. नगावर मजुरी घेऊन ते दुसऱ्याच्या नावाची बॅग शिवतात. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, चामड्याचा पुरवठा घटला आणि अनेकांना रेक्झिन व नायलॉनकडे वळावे लागले.

साठ बॅगा परत आल्या

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी हिंजवडीतील एका कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांसाठी साठ बॅगांची ऑर्डर दिली. कापड आमचे, शिलाई मुंबईच्या एका ओळखीच्या कारखान्याची. काम देखणे झाले. पंधरा दिवसांत तक्रार आली की विमानतळावर बॅग मापाच्या चौकटीत बसत नाही, अधिकाऱ्यांना ती लगेजमध्ये टाकावी लागते. आम्ही टेप लावली. बॅगेचे अंग बरोबर ५५ सेंटिमीटर होते, पण चाके धरली तर ५९ भरत होते! कारखानदार म्हणाले, "सेठ, बाजारात सगळे चाके सोडूनच माप लिहितात." साठही बॅगा परत आल्या. कारागिरांची मजुरी आम्ही पूर्ण दिली, कारण त्यांचा कसूर नव्हता. कसूर आमचा होता. कापड विकताना आम्ही मीटरमध्ये बोटभर कमी देत नाही, मग बॅगेचे माप का तपासले नाही?

खरा हिशेब सात किलोंचा

तेव्हापासून आम्ही हा विषय मन लावून समजून घेतला. इंडिगोचा नियम ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि ७ किलो असा आहे. इतर कंपन्यांचे माप थोडे वेगळे असू शकते व नियम बदलतात, म्हणून ऑर्डर घेण्याआधी ते पाहून घ्यावेत. चाके, हँडल, बाहेरचा खिसा, सर्व धरून माप घ्यावे.

आता वजन पाहा. रिकामी बॅग ३ किलोंची असेल तर उरले ४. लॅपटॉप आणि चार्जर यांचे सव्वादोन किलो गेले. पावणेदोन किलोंत दोन दिवसांचे कपडे आणि कागद बसवायचे. महाग बॅग म्हणजे जाड चामडे आणि पितळी बकल, असा आमच्या लोकांचा समज आहे. या ग्राहकाला मात्र हलकेपणा हवा असतो. प्रत्येक शंभर ग्रॅम वाचवणे हेच डिझाइन.

कापडाबद्दल आम्ही अधिकाराने बोलू शकतो. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. १६८० डेनिअरचे बॅलिस्टिक नायलॉन दोन-दोन धाग्यांच्या विणीचे असते. ते घासण्याला दाद देत नाही, पण वजनाला भारी. म्हणून ते तळाला व कोपऱ्यांना लावावे, बाकी अंगाला हलके नायलॉन वापरावे. बाजारात पॉलिएस्टरही बॅलिस्टिक म्हणून खपवतात. चार धागे जाळून पाहा: पॉलिएस्टरचा धूर काळा निघतो. अस्तर फिक्या रंगाचे घ्यावे, म्हणजे काळा चार्जर चटकन सापडतो. तपासणीच्या वेळी लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो, म्हणून त्याचा खिसा पुढे हवा. सगळी बॅग उघडायची पाळी येऊ नये. मोबाईल चार्जिंगची बॅटरी बसवायची असेल तर ती निघणारी असावी. न निघणाऱ्या लिथियम बॅटरीच्या बॅगांना अमेरिकेच्या मोठ्या विमान कंपन्यांनी जानेवारी २०१८ पासून मनाई केली.

चाकांची गोष्टही शिकण्यासारखी आहे. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचे पेटंट १९७२ साली मिळाले, पण ती पट्ट्याने आडवी ओढावी लागे. १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, दोन चाके आणि लांब हँडल दिले. रोज प्रवास करणाऱ्यालाच अडचण कळली. आमच्या कारागिराने कधी विमानतळ पाहिला आहे का? नसेल तर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आपल्याच मुलांना विचारावे. आठवड्याला विमानाने जाणारे असे तरुण आता आमच्या घराघरांत आहेत.

नाव आपले, माप पूर्ण

आमचे काही बंधू मोठ्या कंपनीचे खोटे लेबल लावून बॅग विकतात. त्यात चार पैसे लवकर मिळतात, पण ती कमाई हलाल म्हणता येईल का? कुरआनातील सूरह मुतफ्फिफीन माप-तोलात कमी करणाऱ्यांविषयीच आहे. चाके सोडून लिहिलेले ५५ आणि दुसऱ्याच्या नावाचे लेबल, दोन्ही आमच्या मते त्याच हिशेबात येतात.

आमची सूचना साधी आहे. चार-पाच कारखानदारांनी मिळून एक नाव नोंदवावे. एकच नमुना घ्यावा, तो तीन महिने प्रवास करणाऱ्याच्या हाती देऊन पाहावा. आत चिठ्ठी लावावी: चाकांसह माप इतके, रिकामे वजन इतके, दुरुस्ती आमच्याकडे. आम्ही पुढच्या ऑर्डरला हेच केले. बारा बॅगांचीच ऑर्डर होती, पण एकही परत आली नाही. अल्लाह अशा रोजीत बरकत देवो.