वार्धक्यातील अपंगत्व आणि शासकीय साहाय्य

पक्षाघाताने एका अंगाचे बळ गेलेले, कंपवातामुळे पावले अडखळणारे किंवा दोन्ही कानांनी ऐकू न येणारे वृद्ध अनेक घरांत असतात. त्यांतील बहुतेकांना स्वतःला दिव्यांग म्हणवून घेणे रुचत नाही. ‘आता वय झाले, चालायचेच’ असे ते म्हणतात आणि घरातील माणसेही ते मान्य करतात. या संकोचामुळे कायद्याने देऊ केलेले साहाय्य मागितलेच जात नाही. चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, मदतनीस यांचा सारा भार मग आयुष्यभराच्या शिल्लकीवर पडतो.

वस्तुतः दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. आता ते २१ आहेत. कंपवात, अल्पदृष्टी, श्रवणदोष, हालचालींतील अक्षमता या वृद्धांना ग्रासणाऱ्या व्याधी त्यांत येतात. अपंगत्व जन्मजात असो वा सत्तरीत आलेले, कायदा भेद करीत नाही.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित व्हावे लागते. ही टक्केवारी रोगाच्या नावावरून ठरत नाही. अवयवाचे कार्य किती उरले आहे, ते मोजून ठरते. म्हणून तपासणीची वेळ महत्त्वाची. पक्षाघातानंतर औषधे व व्यायाम यांनी प्रकृती सुधारत असते. ती स्थिरावेपर्यंत, साधारणतः सहा महिने, थांबावे. मोतीबिंदूसारखा बरा होणारा दोष आधी दूर करून घ्यावा. पुढे सुधारणेची शक्यता वाटल्यास डॉक्टर ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देतात.

अर्ज केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करावा. मुलासुनेने किंवा नातवंडाने तो भरून दिला तरी चालतो. आधारपत्र, छायाचित्र आणि उपचारांची कागदपत्रे जवळ ठेवावीत. त्यानंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. तेथे जाताना रुग्णालयातून घरी सोडतानाचा अहवाल, मेंदूच्या स्कॅनचा अहवाल, श्रवणचाचणीचा आलेख असे जुने कागद तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत. अर्ज नाकारल्यास त्याची कारणे लेखी मिळायला हवीत, आणि निर्णयाविरुद्ध अपीलही करता येते.

प्रमाणपत्र व ‘यूडीआयडी’ ओळखपत्र हाती आले की पुढील वाट सुकर होते. महाराष्ट्रात एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. अपंगत्व ६५ टक्के किंवा अधिक असल्यास सोबत्याचे भाडेही निम्मे होते. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. परंतु दृष्टिहीन आणि सोबत्याविना प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग अशा ठरावीक गटांची व त्यांच्या सोबत्याची सवलत सुरू राहिली. अल्प उत्पन्न असलेल्या दिव्यांगांना ६५ वर्षांपर्यंत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार आहे. त्यापुढील वयाच्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. या दोन्हींची चौकशी तहसील कार्यालयात करावी. ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका यांनी उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. तेथेही विचारणा करावी. जुन्या करप्रणालीत दिव्यांग व्यक्तीला ७५,००० रुपयांची, तर अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. आईवडील मुलावर अवलंबून असून त्यांनी स्वतः ती घेतली नसेल, तर मुलाला ती घेता येते.

टक्केवारी ४० च्या खाली आली तरी निराश होऊ नये. अल्प उत्पन्न असलेल्या साठीपुढील व्यक्तींना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, कवळी, चष्मा अशी साधने शिबिरांतून विनामूल्य दिली जातात. ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असल्यास साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळू शकतात.

शेवटी एक विनंती. अर्जाचा विषय घरातील वडीलधाऱ्यांपुढे त्यांचा मान राखून काढावा. त्यांनी आयुष्यभर कर भरला, श्रम केले; हे साहाय्य त्यांच्या हक्काचे आहे. वेळेवर मिळालेला वॉकर एक पडणे टाळू शकतो, आणि उतारवयात खुब्याचे हाड मोडणे किती महागात पडते, हे ज्या घराने सोसले आहे तेच जाणते.