राख, तेल आणि भुंगेऱ्याचा श्वास

डिचोली तालुक्यात पाळी-साखळीच्या बाजूला भातकापणी उरकली की जमिनीतल्या ओलीवर अळसांदे घेतात. दाणे कडकडीत वाळवून राख चोळून ठेवायचे, नाहीतर कडधान्याला एरंडेलाचा हात लावायचा, हे जुने उपाय. दोन्हींनी भुंगेरा आटोक्यात राहतो, पण दोन्हींची मारण्याची रीत वेगळी आहे.

कीटकाला फुप्फुसे नसतात. छाती-पोटाच्या कडेने बारीक श्वासरंध्रे असतात, सहसा फार तर 10 जोड्या. तिथून निघालेल्या नळ्या फांद्यांसारख्या फुटत थेट पेशींपाशी पोचतात. प्राणवायू वाहण्याचे काम बहुतेक कीटकांत रक्ताकडे नाहीच. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी 1669 मध्ये रेशीमकिड्याच्या या नळ्यांचे वर्णन केले. रंध्रांना तेल फासले की किडा मरतो, हेही त्यांनी पाहिले. एरंडेल तेच करते, शिवाय दाण्यावर चिकटवलेल्या अंड्याचीही हवा तोडते.

राख मात्र पाण्यावर घाव घालते. एवढ्याशा देहाचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने फार मोठा, त्यामुळे तो झटकन सुकू शकतो. वाळल्या दाण्यात जन्म काढणाऱ्याला ओल तरी कितीशी मिळणार! म्हणून अंगावर मेणाचा अत्यंत पातळ थर असतो आणि रंध्रे मिटता येतात. राखेसारखी खरखरीत पूड तो थर खरवडते आणि किडा सुकून मरतो. व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी 1940च्या दशकात इंग्लंडमध्ये असल्या पुडींचा हा परिणाम प्रयोगांनी दाखवला.

रंध्रे मिटण्याची खरी कमाल अॅटलास पतंगाच्या कोषात दिसते. याचे भाऊबंद सह्याद्रीतही आहेत. आतला जीव रंध्रे बराच वेळ बंद ठेवतो, मग किंचित फडफडवतो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड एकदम सोडून देतो. हे सारे पाणी वाचवण्यासाठी, असे पूर्वी मानत. 2005 मध्ये हेट्झ आणि ब्रॅडली यांनी याच कोषांच्या अभ्यासावरून वेगळे मत मांडले: जादा प्राणवायू पेशींना घातक, म्हणून दार बंद. वाद अजून मिटलेला नाही. महिनोन्महिने थेंबही न पिणाऱ्या जिवाच्या बाबतीत पाण्याचे कारण मोडीत काढावे, असे मला वाटत नाही.

राखेची मर्यादाही पाण्याशीच जोडलेली आहे. गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे अंगातले पाणी फारसे उडत नाही आणि खरवडलेला भुंगेराही तग धरतो. तेव्हा राख लावायची ती मे महिन्यातच, दाणा दातांखाली कट्‌कन तुटतो आहे हे पाहून, आणि डब्याचे झाकण घट्ट हवे.