एक दिवसाचा पगार, एक दिवसाचं श्रमदान

आजचा विषय तसा मोठ्या कंपन्यांचा आहे: कर्मचाऱ्यांनी समाजासाठी वेळ द्यावा, पैसे द्यावेत, यासाठी त्यांना प्रोत्साहन कसं द्यायचं? पण सुरुवात आपण पारनेर तालुक्यापासून करू. कारण नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, या प्रश्नावर गावांनी कंपन्यांच्या कितीतरी आधी विचार केला आहे.

1975 मध्ये अण्णा हजारे लष्करातून राळेगणसिद्धीला परतले. गाव एकत्र यावं म्हणून त्यांनी यादवबाबांच्या पडक्या मंदिराचं काम काढलं आणि त्यात आधी स्वतःच्या नोकरीचे साठलेले पैसे घातले. लोक श्रम घेऊन आले ते त्यानंतर. पुढे 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि हिवरे बाजारनंही श्रमदानातून पाणलोटाची कामं उभी केली. त्या गावात आजही पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो.

यातून काय दिसतं? पुढाऱ्यानं आधी स्वतःचा हात खिशात घातला. काम गावानं ठरवलं. आणि हिशेब सगळ्यांसमोर झाला.

आता इथे एक फरक आहे, तो लपवून चालणार नाही. हिवरे बाजारच्या शेतकऱ्यानं बांध घातला, तर पाणी त्याच्याच विहिरीला येतं. सुपा किंवा नागापूर एमआयडीसीतल्या कामगारानं दुसऱ्या गावच्या नाल्यातला गाळ काढला, तर त्याच्या घरी एक हंडाही वाढत नाही. मग त्यानं का यावं? साहेबांनी सांगितलं म्हणून? तसं असेल, तर ते श्रमदान नव्हे, ती वेठ झाली.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचं नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये अथवा त्याहून जास्त असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत काढून ती या 2 टक्क्यांत धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं तसा खुलासा केला आहे. आम्हाला हे बरंच वाटतं. माणसांचे तास दाखवून पैसे वाचवायची वाट त्यामुळे बंद होते.

आता पगारातल्या कपातीकडे येऊ. पूर आला, दुष्काळ पडला की एक दिवसाचा पगार द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. हेतू चांगलाच असतो. अडचण येते ती फॉर्ममध्ये. 2018 च्या पुरानंतर केरळ सरकारनं कर्मचाऱ्यांकडे एक महिन्याचा पगार मागितला आणि ज्यांना द्यायचा नाही त्यांनी तसं लिहून द्यावं, असं म्हटलं. त्या अटीला उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप केला नाही. मुद्दा साधा आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याला सही करावी लागत असेल, तर बाकीच्यांच्या ‘हो’ला अर्थ उरत नाही. घराचा हप्ता, मुलीची फी, आईचं औषध ही कारणं माणसानं साहेबाला का सांगावीत? म्हणून सही देणाऱ्याची घ्यावी, न देणाऱ्याची नव्हे. आणि कोणी किती दिले, याची यादी फलकावर लावू नये.

वेळेचंही तसंच. रविवारी बोलावलेलं श्रमदान म्हणजे बिनपगारी ओव्हरटाइम. वेळ मागायचा असेल, तर कंपनीनं वर्षातून दोन-तीन दिवस भरपगारी द्यावेत. कंत्राटी कामगारांचा विचार तर आधी करावा, कारण एक खाडा म्हणजे त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

शिवाय काम कोणतं, हे संस्थेला विचारावं. नगरमध्ये ‘स्नेहालय’ 1989 पासून देहविक्रीत अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी काम करतं. अशा ठिकाणी पन्नास जणांनी एक दिवस जाऊन फोटो काढण्यापेक्षा, एका हिशेबनिसानं दर महिन्याला चार तास बसून वह्या पाहणं किंवा एका इलेक्ट्रिशियननं वायरिंग तपासून देणं जास्त उपयोगाचं ठरू शकतं. ज्याच्या हातात जे कसब आहे, ते त्यानं द्यावं.

आणि शेवटी हिशेब. सहा महिन्यांनी कॅन्टीनमध्ये दहा मिनिटं सगळ्यांना सांगा: किती पैसे जमले, कुठे गेले, काय झालं, आणि काय फसलं. दुसऱ्या गावच्या नाल्यात पावसाचं पाणी साठलं असेल, तर ते गाळ काढणाऱ्याला नेऊन दाखवा. त्याच्या विहिरीला पाणी येणार नाही, पण आपण काय केलं हे त्याला दिसेल. पुढच्या वर्षी त्याला बोलवायला परिपत्रक काढावं लागलं नाही, तर उपक्रम जमला असं समजायला हरकत नाही.

आता आपण प्रश्नांकडे वळू.