कुदळ मारण्यापूर्वी

सोसायटीत बोअरवेल घ्यायची किंवा कंपाउंडची भिंत बांधायची, तर आधी खाली काय आहे ते पाहावे लागते. वीज, गॅस, पाणी, फायबर अशा सगळ्या लाइनी शहरात एकाच पदपथाखाली दाटीवाटीने नांदतात. खोदणाऱ्याची आणि लाइन-मालकांची गाठ घालून देण्यासाठी केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. खोदाईची जागा त्यात नोंदवली की संबंधित यंत्रणांना सूचना जाते. तरीही महावितरण, गॅस कंपनी आणि पालिकेचा पाणीपुरवठा विभाग यांच्याकडे स्वतः चौकशी करावी. त्यांच्याकडून मिळालेल्या नकाशातली खोली मात्र वेदवाक्य मानू नये. रस्त्यावर डांबराचे थर चढतात, उतार बदलतात.

म्हणून लाइन नेमकी कुठे आहे, हे जागेवर लोकेटर यंत्राने शोधतात. हे यंत्र केबलभोवतीचे चुंबकीय क्षेत्र टिपते. दिवसा बंद असलेल्या पथदिव्यांची केबल त्यामुळे सहज निसटते. तिच्यावर वेगळा सिग्नल सोडावा लागतो. गॅसचे प्लॅस्टिक पाइप तर सोबत तार पुरलेली नसेल, तर या यंत्राला दिसतच नाहीत. मग जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडार आणतात. पण आपली काळी चिकणमाती, विशेषतः ओली, त्या लहरी गिळून टाकते. उन्हाळ्यात त्यातल्या त्यात बरे.

शेवटी हाताने चाचणी खड्डा घ्यावाच लागतो. माती उकरताना इशाऱ्याची रंगीत पट्टी, विटांचा थर किंवा फरश्या लागल्या, तर जेसीबीवाल्याला दूरच थांबवा.