वेशीच्या दोन्ही अंगांचा आवाज

कॅसेटच्या काळात हदगाव परिसरातील खेड्यांत एक अनुभव सर्रास येत असे. आषाढीला देवळाच्या कर्ण्यावरून जो आवाज गावभर घुमे, तोच आवाज १४ एप्रिलला बौद्धवस्तीतून ऐकू येई. एकीकडे विठ्ठलाची आळवणी, दुसरीकडे बाबासाहेबांना वंदन. गायक मात्र एकच, प्रल्हाद शिंदे. गावाचे दोन भाग ज्या थोड्या गोष्टींत वाटेकरी होते, त्यांत या आवाजाची गणना करावी लागेल.

१९३३ साली जन्मलेल्या या गायकाचे घराणे मूळचे मंगळवेढ्याचे, म्हणजे चोखोबांच्या गावचे. आईवडील भजने गात आणि मुले त्यांना साथ करीत. पुढे इस्माईल आझाद यांच्या कव्वालीच्या संचात त्यांनी साथीदार म्हणून उमेदवारी केली. भजन आणि कव्वाली या दोन्ही शाळांतले शिक्षण त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत एकजीव झालेले आढळते. ‘चंद्रभागेच्या तीरी’ हे गीत त्याचे उत्तम उदाहरण होय. ताल सुरू होण्यापूर्वी गायक उंच स्वरात हाक घालतो. कव्वाल आरंभी शेर म्हणून मैफल बांधतो, तीच ही रीत. त्यानंतर ठेका धरला जातो आणि दिंडीची ओळखीची चाल सुरू होते. शब्द वारकऱ्याचे, स्वराची फेक कव्वालाची. तरीही कोठे सांधा दिसत नाही.

हदगावच्या श्रोत्याला हे मिश्रण परके वाटण्याचे कारण नव्हते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. याच जिल्ह्यात माहूरला रेणुकेचा गोंधळ आहे आणि कंधारला हाजी सय्याह सरवर यांचा दर्गाही आहे. पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याने टाळमृदंग जितका ऐकला, तितकीच कव्वालीची टाळीही ऐकली होती. शिंदे यांच्या गाण्यात त्याला आपलेच दोन्ही कान भेटले.

परंतु आवाज स्वीकारणे आणि माणूस स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकाने १९६२ साली गोऱ्या ग्रामीणांचे मानले जाणारे कंट्री संगीत आपल्या सोल ढंगात गायिले. तो आल्बम अफाट खपला. त्याच वेळी दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे जारी होते आणि जी तबकडी गोऱ्यांच्या दिवाणखान्यात वाजे, तिच्या गायकाला कित्येक उपाहारगृहांत प्रवेश मिळत नसे.

महाराष्ट्राने या विसंगतीकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणानंतर. तेव्हा प्रल्हाद शिंदे जेमतेम चौदा वर्षांचे होते. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत होताच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ज्या समाजातून आलेल्या गायकाचे स्वर देवळापुढे भक्तिभावाने ऐकले जात, त्याच समाजाच्या घरांना आग लावताना गावांचे हात थरथरले नाहीत. गाण्याने माणसे जोडली जातात, या सुभाषिताला मराठवाड्याने दिलेले हे कठोर उत्तर आहे.

मग या गाण्याचे मोल काय? ते इतकेच, की या गायकाने दोन्ही बाजूंना अर्धाच ऐकू येईल असा आवाज कधी लावला नाही. भीमगीतात जो गळा लागला, तोच विठ्ठलाच्या गाण्यात लागला. अर्धवटपणा श्रोत्यांचा होता. कोणी त्यांना केवळ भक्तिगीतांचे गायक मानले, तर कोणी केवळ चळवळीचे. २३ जून २००४ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र आनंद व मिलिंद आणि नातू आदर्श यांनी तो वारसा पुढे नेला. परंतु अर्धे ऐकण्याची सवय अद्याप सुटलेली नाही.

नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. घरोघरच्या पेट्यांतून कॅसेटच्या फिती बुरशीने खराब होण्यापूर्वी त्या गोळा करणे, गीतकारांची व साथीदारांची नावे नोंदवून ठेवणे, हे त्याला अशक्य नाही. मात्र तेथे भक्तिगीते एका फडताळात आणि भीमगीते दुसऱ्या फडताळात असा नवा गावकुसू उभारला जाऊ नये. चोखोबांची समाधी पंढरपुरात पायरीपाशी आहे. मंगळवेढ्याच्या दुसऱ्या गायकालाही पायरीपाशीच थांबवायचे काय, हा प्रश्न त्याच्या गळ्याचा नाही. ऐकणाऱ्यांच्या मनाचा आहे.